‘भीतीने वाकलेल्या टोळ्या’ : एका आक्षेपाला उत्तर

तेमुजिनने, म्हणजे पुढच्या चंगीझ खानाने, मंगोलियातील टोळ्या एकत्र आणल्या असे म्हणणेच फसवे आहे; त्याने विरोधकांची कत्तल केली आणि उरलेले भीतीपोटी वाकले, त्यात राज्यकर्ता म्हणून कर्तृत्व कसले, असा आपल्या प्रतिक्रियेचा आशय आहे. कत्तलीबद्दल आपल्यात मतभेद नाही. १२०२ मध्ये तातार या शत्रूटोळीचा पाडाव झाल्यावर, गाड्याच्या चाकाच्या खिळीपेक्षा उंच असलेला एकही तातार पुरुष जिवंत ठेवायचा नाही, असे तेमुजिनने आपल्या भाऊबंदांसह बसून ठरवले होते, आणि त्याचे समर्थन मी कुठेही केलेले नाही.

प्रश्न आहे तो भीतीचा. तातारांच्या या संहारानंतर भीतीचा अंमल बसायला हवा होता, पण घडले उलटेच. शत्रूची पुरती दाणादाण उडेपर्यंत कोणीही लुटीसाठी थांबू नये, लूट मागाहून वाटली जाईल, असा त्या मोहिमेत तेमुजिनचा हुकूम होता. ज्यांनी पूर्वी त्याला खान म्हणून निवडले होते ते आल्तान आणि खुचार, तसेच त्याचा सख्खा चुलता दारिताई यांनी तो मोडला, तेव्हा त्याने त्यांची लूट काढून घेतली. दुखावलेले हे आप्त लवकरच केराईत टोळीचा प्रमुख ओंग खान याच्या बाजूला गेले आणि १२०३ मध्ये तेमुजिनवर मूठभर माणसांनिशी बालजुनाच्या पाण्याकाठी आसरा घेण्याची वेळ आली. तेथे त्याच्याबरोबर राहिलेले लोक निरनिराळ्या कुळांचे होते, त्यांत मुसलमान व्यापारीही होते. त्याच वर्षी ओंग खानाच्या छावणीवर अचानक छापा घालून, तीन दिवस झुंजून, त्याने केराईतांना हरवले आणि त्यांची माणसे आपल्या लोकांमध्ये वाटून टाकली.

त्याचे खरे काम या वाटणीत दिसते, असे माझे मत आहे. तेमुजिनचा एकेकाळचा मित्र आणि पुढचा प्रतिस्पर्धी जमुखा याच्याशी तुलना केली म्हणजे हे स्पष्ट होते. रणांगणावर तो तेमुजिनपेक्षा उणा नव्हता. दालान बालजुतच्या लढाईत त्यानेच तेमुजिनला मागे रेटले होते. पण १२०१ मध्ये त्याला गुरखान, म्हणजे सर्व टोळ्यांचा खान, म्हणून निवडणारा प्रत्येक सरदार आपली टोळी घेऊन आला होता आणि पराभव होताच ती घेऊन परत गेला. जमुखाने तर जाता जाता आपल्याच पाठीराख्यांना लुटले. तेमुजिनने ही परत जाण्याची सोयच काढून घेतली. १२०४ मध्ये नैमान टोळीवर चालून जाण्यापूर्वी त्याने सैन्याची दहा, शंभर आणि हजार अशी रचना केली, आणि १२०६ मध्ये ओनोन नदीच्या उगमाशी भरलेल्या कुरुलताईत, म्हणजे सरदारांच्या महासभेत, ९५ हजारींचे (हजार जणांच्या तुकड्यांचे) नायक नेमले; बऱ्याच हजारींत वेगवेगळ्या टोळ्यांची माणसे मिसळलेली होती. त्या नायकांत जलाईर कुळातील मुखाली होता आणि एके काळी शत्रूच्या बाजूने लढताना तेमुजिनच्या गोटातील घोडा बाणाने टिपणारा जेबेही होता. तातारांच्या छावणीत सापडलेल्या शिगी खुतुखुकडे न्यायदानाचे काम आले. सगळ्याच टोळ्या मोडल्या असे मात्र नाही. ओंगिरातांसारखे आपणहून आलेले लोक बऱ्याच अंशी एकत्र राहिले, आणि हा भेद केवळ दहशतीच्या सिद्धांतात बसत नाही.

‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ हा तेराव्या शतकातील मंगोल ग्रंथ दरबारी स्तुतिग्रंथ असल्यामुळे अविश्वसनीय आहे, असेही आपण म्हणता. त्यात स्तुती भरपूर आहे, हे खरे. पण तेमुजिनने लहानपणी आपला सावत्र भाऊ बेख्तेर याला बाण मारून ठार केले आणि आई होएलुनने त्याला हिंस्र जनावरांच्या उपमा देत झोडपून काढले, हेही तोच ग्रंथ सांगतो. नुसत्या भाटाने हा प्रसंग गाळला असता.

भीतीने जोडलेले लोक भीतीचा धनी गेला की पांगतात. चंगीझ खान १२२७ मध्ये मरण पावला. त्यानंतर १२६० मध्ये गादीसाठी मोठे यादवी युद्ध पेटले, ते कुबलाई आणि अरिक बोके या त्याच्याच दोन नातवांमध्ये. केराईतांचे किंवा नैमानांचे स्वतंत्र राज्य पुन्हा उभे करण्यासाठी ते लढले गेले नाही.