पथकासाठी वेळ कोण देणार?

जून 2025 मध्ये राज्याचे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासूनच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याचा विचार जाहीर केला आणि त्यासाठी माजी सैनिक, क्रीडाशिक्षक, छात्रसेना व स्काऊट-गाईड यांची मदत घेतली जाईल असे सांगितले. तेव्हापासून अमळनेर, धुळे आणि भुसावळ येथील माझ्या नात्यागोत्यात व जुन्या मैत्रिणींमध्ये हा विषय निघाला की दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की मुले मोबाइलमध्ये बुडाली आहेत, त्यांना शिस्त लावलीच पाहिजे. दुसऱ्या तटात बहुतेक शिक्षक आहेत. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे हे सगळे सांभाळून आणखी एक ओझे आम्ही कोणत्या वेळात वाहायचे, असा त्यांचा सवाल आहे. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. परंतु इंग्लंडमधील एका लहान शहरात आठ ते साडेदहा वर्षांच्या मुलामुलींच्या कब पथकाची, म्हणजे स्काऊटमधील लहान मुलांच्या शाखेतील पथकाची, स्वयंसेवक प्रमुख म्हणून काम करताना मला जो प्रश्न सर्वांत कळीचा वाटतो, तो या वादात कोणीच विचारत नाही. मुलांसाठी आपली संध्याकाळ आणि आपला रविवार स्वखुशीने द्यायला गावातील कोणती मोठी माणसे तयार आहेत?

प्रथम शिस्तीविषयी. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल स्वतः लष्करी अधिकारी होते, तरी कवायतीला स्काऊटिंगचा गाभा मानण्यास त्यांचा विरोध होता. ऑगस्ट 1907 मध्ये ब्राऊनसी बेटावर त्यांनी घेतलेल्या पहिल्या शिबिरात वीसएक मुले होती, काही मोठ्या घरांतील आणि काही कष्टकऱ्यांची, आणि त्यांना चार लहान संघांत मिसळून प्रत्येक संघाचा कारभार एका मुलाकडे सोपवला होता. आजही हीच पद्धत चालते. संघनायक झालेली मुलगी तंबू कुठे लावायचा हे ठरवते, चुकीच्या जागी लावते, रात्री पाणी आत येते आणि दुसऱ्या दिवशी ती आपणहून उंचवटा शोधते. अशा वेळी काही न बोलता उभे राहणे हे पथकप्रमुखाचे सर्वांत अवघड काम आहे. शिट्टी वाजवून तीस मुलांना सावधान करणे त्यापुढे फार सोपे आहे. पहिलीच्या मुलाला हुकूम पाळायला शिकवण्याची घाई करणाऱ्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता स्वयंसेवकाच्या वाट्याला येणाऱ्या अडचणी. इथे पथकाचे काम करणाऱ्याला मानधन नसते. काम सुरू करण्याआधी गुन्हेगारी नोंदींची तपासणी होते आणि ती ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. बालसुरक्षा आणि प्रथमोपचार यांचे प्रशिक्षण बंधनकारक असते. कोणत्याही प्रौढाने मुलाबरोबर एकटे राहायचे नाही, हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. कब मुलांना मोकळ्यावर नेताना आठ मुलांमागे एक प्रौढ लागतो आणि त्याशिवाय एक प्रमुख असावा लागतो. मुक्कामी शिबिर न्यायचे तर त्याचा वेगळा परवाना मिळवावा लागतो. एखादा सहकारी आयत्या वेळी आजारी पडला आणि ही संख्या भरली नाही, तर महिनाभर आखलेली सहल रद्द होते आणि पालकांची नाराजी आपल्याला ऐकून घ्यावी लागते. दिवसभराची नोकरी करून, घरचे जेवणखाण उरकून, हिवाळ्याच्या अंधारात सभागृह उघडायला जाताना पाय जड होतात हे मी नाकारणार नाही. स्वयंसेवक कमी पडतात म्हणून अनेक मुले प्रतीक्षायादीवर थांबलेली असतात, आणि त्यांच्या पालकांना नकार कळवणे मला कोणत्याही कागदपत्रापेक्षा जड जाते.

तरीही मी हे काम करते, कारण दुसऱ्याच्या मुलाला वाढताना इतक्या जवळून पाहण्याची संधी मला अन्य कोठे मिळाली नसती. पहिल्या आठवड्यात आईचा हात न सोडणारे मूल वर्षभराने नव्या मुलाला गळपट्ट्याची गुंडाळी करून दाखवते. ज्याला शाळेत सतत बोलणी बसतात असा एखादा मुलगा ओल्या लाकडांतून जाळ काढण्यात सगळ्यांपेक्षा चिवट निघतो, आणि त्याच्याकडे पाहण्याची इतरांची दृष्टी त्या एका संध्याकाळीत बदलते. कब शाखा 1916 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी आधार घेतला गेला तो सातपुड्याच्या पठारावरील सिवनीच्या जंगलात घडणाऱ्या, किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधील लांडग्यांच्या गोष्टींचा, आणि पथकप्रमुखाला मुले त्या टोळीच्या नायकाच्या नावाने ‘अकेला’ म्हणतात. चोपडा-यावलच्या बाजूने सातपुड्याची निळी रांग पाहत वाढलेल्या बाईला इंग्लंडमधील मुलांनी या नावाने हाक मारावी, याचा मला मनापासून आनंद होतो.

इथले सगळेच अनुकरणीय आहे असे मात्र मी म्हणणार नाही. वर्गणी, गणवेश आणि शिबिराचा खर्च पाहता, मदतीची सोय असूनही, स्काऊटिंग बऱ्याचदा सुस्थितीतील वस्त्यांकडे झुकते, कारण स्वयंसेवकही त्याच वस्त्यांत सापडतात. आपल्याकडे पथक शाळेशी जोडलेले असल्यामुळे, ज्या शाळेत ते चालते तिथे शहाद्याच्या शेतमजुराचा मुलगा आणि गावातील व्यापाऱ्याचा मुलगा एकाच संघात येऊ शकतात. हे फार मोठे सामर्थ्य आहे आणि शिक्षकांच्या ओझ्याचे कारण देऊन ते गमावू नये. ‘खरी कमाई’ ही आपली आणखी एक जमेची बाजू. मुलांनी लहानसहान कामे करून किंवा खाऊचे ठेले लावून स्वकष्टाचे पैसे मिळवण्याचा हा उपक्रम आपल्याकडे अजून जिवंत आहे; ब्रिटनमध्ये 1949 पासून चाललेला असाच उपक्रम मुलांना अनोळखी घरी पाठवणे असुरक्षित वाटू लागल्यावर मागे पडला.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. शाळेत पथक असावे असा आदेश येतो, एखाद्या शिक्षकाचे नाव लिहिले जाते, तो प्रशिक्षण घेऊन येतो आणि पुढे सर्व भार एकट्यावर पडतो. त्यातूनही जीव ओतणारे शिक्षक निघतात; आमच्या गाईड पथकाच्या बाई सुट्टीच्या दिवशी आम्हाला नदीकाठी नेऊन गाठी, दिशाज्ञान आणि चुलीवरचा स्वयंपाक शिकवत, आणि मी आज जे करते त्याचे मूळ तिथे आहे. पण जिथे असा शिक्षक नसतो, तिथे पथक राष्ट्रीय सणांच्या संचलनापुरते आणि प्रमाणपत्रापुरते उरते. प्रमाणपत्राची ओढ मी कमी लेखत नाही. रेल्वे भरतीत स्काऊट-गाईडसाठी कोटा असतो, आणि भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात एका नोकरीने घर उभे राहते, हे मला ठाऊक आहे. मात्र स्काऊट-गाईडमधील सर्वोच्च अशा राष्ट्रपती पुरस्काराच्या वाटेवरची कौशल्ये मुलांनी खरोखर आत्मसात करावीत यासाठी कोणीतरी वर्षानुवर्षे त्यांच्याबरोबर चालले पाहिजे.

भारतातील चळवळीचा पाया तरी असाच स्वेच्छेने घातला गेला. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट पथके उभारली ती लोकसेवेसाठी, आणि 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था स्थापन झाली तेव्हा कुंझरू तिचे पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले. खानदेशाला तर याहून जवळचे उदाहरण आहे. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, आणि छात्रालयातील मुलांसाठी त्यांनी जे केले ते नोकरीच्या कोणत्याही कलमात बसणारे नव्हते. आज अमळनेरमध्ये त्यांचे नाव आदराने घेणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांतील चार-सहा प्रौढांनी आठवड्याची एक संध्याकाळ दिली तरी एक पथक नीट उभे राहील.

म्हणून शिक्षक की माजी सैनिक, एवढ्यापुरता हा वाद ठेवू नये. शाळेने मैदान, खोली आणि मुले द्यावीत. पथक चालवायला निवृत्त रेल्वे कर्मचारी, बँकेतील लोक, वैद्यकीय सेविका, महाविद्यालयीन तरुण, पालक आणि हो, इच्छुक माजी सैनिकही यावेत, परंतु प्रत्येकाने मुलांबरोबर कसे वागायचे याचे प्रशिक्षण घ्यावे आणि प्रत्येकाची पोलिस पडताळणी व्हावी. ‘आपल्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात’ हे उत्तर मला अनेकांनी दिले आहे. मुलांच्या सुरक्षेच्या बाबतीत ते मला मुळीच पटत नाही, कारण मुलांना त्रास देणारा माणूस बहुधा ओळखीचाच असतो.

मुलींच्या पथकांना स्त्री स्वयंसेवकांची विशेष गरज आहे. खानदेशात मुक्कामी शिबिरासाठी मुलीला पाठवताना घरचे पहिला प्रश्न विचारतात तो ‘बरोबर कोण आहे?’ हा, आणि तो योग्यच आहे. दोन प्रशिक्षित बाया ओळखीच्या आणि विश्वासाच्या असतील, तर पाटणादेवीच्या किंवा पालच्या परिसरात दोन रात्रींच्या शिबिराला मुलींना पाठवण्यास अनेक आया तयार होतील, असे माझ्या मैत्रिणींशी बोलताना जाणवते. शाळेबाहेरील खुल्या पथकांची तरतूद भारत स्काऊट्स आणि गाईड्स संस्थेत आहे. जिल्हा कार्यालयांनी शिक्षक नसलेल्या इच्छुकांची नोंदणी सुरू करावी, दिवाळीच्या सुट्टीत त्यांचे प्रशिक्षण घ्यावे आणि डिसेंबर-जानेवारीत, आमच्याकडचे ऊन तापण्यापूर्वी, पहिले शिबिर त्यांच्यावर सोपवावे. त्या नोंदणीत माझ्या दोन मैत्रिणी नाव द्यायला तयार आहेत, आणि सुट्टीत घरी येईन तेव्हा त्यांच्या शिबिरात स्वयंपाकापासून रात्रीच्या पहाऱ्यापर्यंत पडेल ते काम करण्याचे मी त्यांना कबूल केले आहे.