डॉलरवाल्यांचा मेंटेनन्स

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव आहे. फ्लॅट भाड्याने दिलेल्या परदेशस्थ मालकांकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा जादा आकार) सेवाशुल्काच्या 25 टक्के घ्यायचे. कारण काय, तर ‘डॉलरमध्ये कमावतात, त्यांना काय जड आहे?’ वर ग्रुपवर पुस्ती: ‘तिकडे एचओए सांगेल तेवढे मुकाट्याने भरतातच ना!’ एचओए म्हणजे अमेरिकेतल्या वसाहतींची घरमालक संघटना.

या पुस्तीने माझं डोकं फिरलं.

मी टेक्सासात, फ्रिस्कोला राहते. एचओएचे वर्षाला हजारेक डॉलर जातात. पूल, क्लबहाऊस, प्रवेशाशी दर ऋतूला बदलणारी फुलझाडं, सगळं चोख असतं. पुण्यातल्या आमच्या जिन्यात लोंबणारी केबलची जुडगी पाहून मला चीड येते, हेही खरं. पण म्हणून इथलं सगळं मुकाट्याने सोसावं असं नाही. मागच्या उन्हाळ्यात आम्हाला पत्र आलं, सोबत फोटो: आमचा कचऱ्याचा डबा, कुंपणाआडून वीतभर डोकावणारा. खाली मुदत, त्याखाली दंडाचा इशारा, सही मॅनेजमेंट कंपनीची. फोटो कुणी काढला, कुणाशी बोलायचं, काही कळायला मार्ग नाही. लाकडी कुंपणाच्या रंगाची छटासुद्धा एचओएच्या एसीसीकडून, म्हणजे घरांच्या बाह्यरूपावर देखरेख करणाऱ्या समितीकडून, मंजूर करून घ्यावी लागते.

दारावरचं तोरण घ्या. 2011 साली टेक्सासने दारावर धार्मिक वस्तू लावायला एचओएच्या बंदीपासून कायद्याचं संरक्षण दिलं, तेही एकूण 25 चौरस इंचांपुरतं. एवढ्यात झेंडूची धड चार फुलं मावत नाहीत. ती मर्यादा उठली 2021 मध्ये. थकबाकीचं तर विचारूच नका. याच फ्रिस्कोत 2008 साली, इराकमध्ये तैनात असलेल्या एका लष्करी कॅप्टनचं तीन लाख डॉलरचं घर सुमारे 800 डॉलरच्या एचओए थकबाकीपायी लिलावात 3,500 डॉलरला गेलं. पुढे कोर्टकचेरी होऊन त्याला ते परत मिळालं.

अशा व्यवस्थेचा दाखला देऊन तुम्ही आपल्याकडची चांगली गोष्ट मोडायला निघालात. महाराष्ट्रात ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाने नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर बांधून ठेवले आहेत. सभेत हात वर करून तो आकडा बदलत नाही. वॉचमनचा पगार, जिन्यातले दिवे, झाडलोट हे दर फ्लॅटमागे सारखंच वाटलं जातं. कोण किती कमावतं हे तिथे कुणी विचारत नाही. विचारूही नये.

‘तिकडे बसून सल्ले देऊ नका’ असं मला आधीच ऐकवून झालंय. पण इथे हरकत घ्यायची तर मी पोर्टलवर तिकीट टाकते. कोथरूडला पाण्याच्या टँकरवरून सेक्रेटरींशी जिन्यातच तावातावाने भांडले होते आणि त्याच आठवड्यात गच्चीवर त्यांच्याच शेजारी बसून कोजागिरीचं दूध प्याले. नुसता भाड्याचा हिशेब लावला तर तो फ्लॅट केव्हाच विकायला हवा. विकवत नाही. तिथे मी सभासद आहे. इथे घर माझ्या नावावर असूनही तसं कधी वाटलं नाही. म्हणून जास्तीच्या पैशांपेक्षा आम्हाला वेगळ्या रांगेत उभं केलंत, ते जास्त लागतं.

माझी लेखी हरकत सेक्रेटरींना ईमेलने पाठवली आहे, ती इतिवृत्तात नोंदवून घ्या. 10 टक्के मी वेळेवर भरत राहीन. लिफ्टच्या कामाची वर्गणी निघाली तर तीही भरेन, इतर सगळ्यांइतकीच.