वरातीमागून घोडी

युकुलेली, म्हणजे गिटारचं चिमुकलं भावंड, जोडायला आणि रंगवायला शिकवण्याचा वर्ग मी घ्यावा, ही कल्पना ज्या कुणाची असेल त्याने पुढच्या जन्मी रोज सकाळी नायलॉनच्या चार नव्या तारा सुरात लावाव्यात. दुपारपर्यंत त्या उतरतात. यापेक्षा मोठा शाप मला ठाऊक नाही.

वर्गात बारा जण. सगळ्यात लहान नऊ वर्षांची मुलगी, सगळ्यात मोठे सत्तरी ओलांडलेले आजोबा. पहिल्या दिवशी मी मोठ्या झोकात इतिहास सांगितला. १८७९ साली ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून मदेरा बेटावरची पोर्तुगीज माणसं हवाईला उसाच्या मळ्यांत कामाला आली. त्यांच्यात सुतारकाम जाणणारे तिघे होते, त्यांनी आपल्या गावाकडच्या चिमुकल्या वाद्यावरून हे घडवलं. ‘युकुलेली’ म्हणजे हवाईच्या भाषेत उड्या मारणारी पिसू, असा अर्थ लावतात.

“काही शंका?”

एक हात वर आला. “सर, चमकी कधी लावायची?”

पुढचे चारही रविवार मी याच प्रश्नाचं उत्तर देत होतो. माणसं वाद्य बनवायला येतच नाहीत हो, सजवायला येतात. मधलं ते लाकूड त्यांना अडचण वाटतं.

आधी घासकाम. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०चा, आणि हात लाकडाच्या रेषेच्या दिशेने. एक काका करपलेलं पातेलं घासावं तसे गोल गोल भिडले. वरची फळी जेमतेम दोन मिलिमीटर. “काका, पुरे!” म्हणेपर्यंत ती पापडाशी स्पर्धा करायला लागली होती.

गोंदाच्या बाबतीत एका काकूंचं धोरण ‘कमी पडायला नको’. दांडा बसवला तेव्हा सांध्यातून इतका गोंद बाहेर आला, की बोटं, ॲप्रन आणि शेजारच्या काकांची बाही एकाच वाद्याचे भाग झाले. सुकलेल्या गोंदावर लाकडाचा रंग धरत नाही, पांढुरके डाग राहतात. काकू म्हणाल्या, “त्यांचे ढग करू.” केले. छान दिसले, हे मला कबूल करावं लागतं.

खरी परीक्षा घोडीची, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिच्यावर बांधतात त्या लाकडी तुकड्याची. दांड्याच्या टोकाशी तारा टेकतात तिथपासून बाराव्या पडद्यापर्यंत (पडदे म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या रेघा) जेवढं अंतर, तेवढंच तिथून घोडीच्या पट्टीपर्यंत हवं. थोडं चुकलं तरी वरचे सूर जन्मभर बेसूर. एका ताईंनी सूर्योदय काढला होता. त्यांना घोडी दोन बोटं खाली हवी होती, कारण “सूर्य झाकला जातो.” शेवटी सूर्य हलला, पण माझा घसा बसला.

आणि ती जागा कोरी हवी. रंगावर लावलेली घोडी लाकडाला नाही, रंगाला चिकटते, आणि तारांचा ताण आला की रंगासकट सुटते. म्हणून रंगवण्याआधी तिथे मास्किंग टेप. हे मी फळ्यावर लिहिलं. खाली दोन रेघाही मारल्या.

शेवटच्या रविवारी नमुना म्हणून माझं स्वतःचं युकुलेली आणलं. वेळच नव्हता, आदल्या आठवड्यात एका रात्रीत रंगवलं होतं. निळंशार, वर मोर. तारा चढवल्या. वरची तार मधल्या दोघींपेक्षा उंच सुरात असते, हे मी सांगत असताना आजोबांनी “उलटी लावलीत” म्हणून मान हलवली. मी समजुतीचं हसलो आणि खुंटी आणखी पिळली.

टक्क!

घोडी चारही तारा घेऊन उडाली आणि काकूंच्या रंगाच्या वाटीत बसली.

“सर, पिसू!” नऊ वर्षांची टाळ्या पिटत म्हणाली.

आजोबांनी घोडी उचलली, पुसली, उलटी केली, चष्मा वर सरकवून निरखली. खाली निळ्या रंगाचा अख्खा पापुद्रा होता, मोराच्या पायासकट. ते काहीच बोलले नाहीत. फक्त मास्किंग टेपचं रीळ टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.