बग न शोधता मिटवण्याची कला

गेस्टची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची, मेमरी अधूनमधून बिघडते, तीही फक्त लोड असताना, आणि डीबगर लावला की कोड एकदम साळसूद? घाबरू नका. संशयित जागी एक प्रिंटके, म्हणजे कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) लॉग छापणारी ओळ, टाका. लॉग लिहिण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात दोन थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) गाठच चुकते आणि बग गायब. फक्त ती ओळ नंतर काढू नका. वर कॉमेंट लिहा : 'हात लावू नये'.

लॉग नकोच असेल तर स्लीप घाला. स्पिनलॉक, म्हणजे दुसऱ्याला जागीच घिरट्या घालत थांबवणारं कुलूप, धरून झोपलात म्हणून कर्नल बोंब मारेल, पण तो इशारा कॉन्फिगमधून बंद करता येतो.

काही अतिशहाणे म्हणतील, आधी काय घडतंय ते बघा. बघा बापडे. व्हीसीपीयूला, म्हणजे गेस्टच्या आभासी प्रोसेसरला, पेज फॉल्ट येतो : हवं ते पेज, म्हणजे मेमरीचा तुकडा, पत्त्यांच्या टेबलात सापडत नाही. केव्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा लिनक्सचा भाग, होस्टला (खऱ्या मशीनला) पेजचा खरा पत्ता विचारतं. या शोधात थांबावं लागू शकतं, म्हणून तो एमएमयू लॉकच्या, म्हणजे त्या टेबलाच्या कुलपाच्या, बाहेर होतो. पत्ता हाती येतो आणि टेबलात नोंदवण्याआधीच होस्ट ते पेज काढून घेतो. केव्हीएमने तरीही जुनाच पत्ता नोंदवला, की गेस्ट भलत्याच्याच मेमरीत लिहायला मोकळा. यावर उपाय असा : शोधाआधी इनव्हॅलिडेशनचा क्रमांक (होस्टने पेज काढून घेतलं की बदलणारा) वाचून ठेवायचा, लॉक घेतल्यावर पुन्हा बघायचा, बदलला असेल तर पत्ता फेकून सगळं पहिल्यापासून. मध्ये मेमरी बॅरियरही, म्हणजे प्रोसेसरला क्रम पाळायला लावणारी सूचनाही, हवा. कोण करत बसणार?

त्यापेक्षा सगळ्यावर एकच दणदणीत लॉक लावा. व्हीसीपीयू कितीही असोत, एकामागून एक येतील. केव्हीएमने 2021 मध्ये, लिनक्स 5.12 मध्ये, एमएमयू लॉक रीड-राइट (एका वेळी अनेक रीडरना आत घेणारा) केला, म्हणे फॉल्ट समांतर हाताळता यावेत. एवढी घाई कसली असते लोकांना!

टीएलबी फ्लश, म्हणजे प्रोसेसरने लक्षात ठेवलेले जुने पत्ते पुसणं, पेज मोकळं केल्यावर सवडीने करा. केसीसॅन हे कर्नलचं तपासणी-साधन मात्र चुकूनही चालू करू नका, नको त्या रेस, म्हणजे थ्रेडच्या अशा टकरी, दाखवतं.

आणि बगच्या तक्रारीच्या तिकिटावर 'निव्वळ सैद्धांतिक' असा शेरा मारा. डर्टी काऊ या लिनक्समधल्या गाजलेल्या सुरक्षा-त्रुटीची रेस एके काळी तशीच सैद्धांतिक होती, असं खुद्द लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांनी तिच्या दुरुस्तीसोबत नोंदवलंय. 2007 च्या 2.6.22 पासून ती कर्नलमध्ये नांदली आणि 2016 मध्ये सापडली. नऊ वर्षं. तुम्ही याच नोकरीत नऊ वर्षं काढणार आहात का?