पुढे, पुढे, समजलं

माझा हुद्दा मराठीत सांगता येत नाही, म्हणून आई शेजारणींना सांगते, "तो लोकांना मोबाईल शिकवतो." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला होता. आता वाटतं, कंपनीने छापून दिलेल्या कार्डापेक्षा आईच खरं बोलते. आमची कंपनी बांधकाम ठेकेदारांना सॉफ्टवेअर विकते. हजेरी, माल, मोजमाप, बिलं, सगळं एका ॲपमध्ये. विकणारे वेगळे. विकलेलं ॲप गिऱ्हाइकाने उघडावं, आणि आज उघडलेलं परवाही उघडावं, ही जबाबदारी माझी. याला ऑनबोर्डिंग म्हणतात. गोव्यात रायबंदरच्या धक्क्यावर लोकांना फेरीबोटीत घेतात, तसाच प्रकार. फक्त फेरीतली माणसं चोडणला पोचेपर्यंत गप उभी राहतात, आमची भर मांडवीत उड्या टाकतात.

त्या उड्या थांबवायला मी तीन महिने खपून अकरा पायऱ्यांची सफर बनवली. बाण, फुगे, प्रत्येक फुग्याखाली 'पुढे', शेवटच्या खाली 'समजलं'. पायरी पूर्ण झाली की पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस. कोरा पडदा बघून माणूस बुजतो म्हणून नमुन्यादाखल एक बावीस मजली टॉवरही भरून ठेवला होता. पर्वरीच्या आमच्या कचेरीत, एसीत बसून बघितलं तर डोळ्यांत पाणी यावं इतकं देखणं.

मग मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात म्हापसा, अस्नोडा करत स्कूटरने डिचोलीला गेलो. आमचे ठेकेदार भाई तिथे एक मजली घराचा स्लॅब ओतत होते. पाऊस दारात, मिक्सर घरघरतोय, आणि मी हेल्मेट सावरत म्हणतोय, "भाई, फक्त अकरा पायऱ्या."

भाईंनी सिमेंटने माखलेले दोन्ही हात मला दाखवले. "बोट कुठलं लावू?"

माझ्याच बोटाने सफर सुरू झाली. दुसऱ्याच पायरीला जीएसटी क्रमांक. भाई म्हणाले, "अजून चहा पाजला नाहीस आणि जीएसटी विचारतोस?" तिसरीला भाषा. इंग्रजी की हिंदी? आता हा माणूस घरात कोंकणी बोलतो, पेपर मराठी वाचतो, कामगारांवर हिंदीत ओरडतो आणि इंजिनिअरपुढे इंग्रजीत मान हलवतो. त्याने काय निवडावं? चौथीला भिंतीचा प्रकार. यादीत वीट होती, ब्लॉक होता, ड्रायवॉल, म्हणजे जिप्समच्या फळ्यांची भिंतसुद्धा होती. जांभ्याचा चिरा नव्हता. ज्या गोव्यात कुंपणापासून देवळापर्यंत चिरे, तिथे आम्ही ड्रायवॉल घेऊन आलो होतो. सळीचं वजन काढायचं आमचं कोष्टक दाखवलं, तर भाईंनी मिक्सरकडची नजरही न हलवता सांगितलं, "व्यासाचा वर्ग भागिले 162. बारा एमएमची मीटरला 890 ग्रॅम. तुझं काय येतंय?" माझं अजून लोड होत होतं.

पाचव्या पायरीला त्यांनी फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "मागीर पळोवया." नंतर बघू. या दोन शब्दांत गोव्यातल्या माझ्या कारकिर्दीचा सगळा इतिहास आहे.

परतताना एक हिशेब डोक्यात आला. काँक्रीटची ताकद 28 दिवसांनी तपासतात. दोन आधारांमधला गाळा साडेचार मीटरपेक्षा मोठा असेल तर स्लॅबखालचे टेकू 14 दिवस हलवत नाहीत. आमची फुकट मुदत 14 दिवसांची, आणि स्वागताच्या ईमेल तिसऱ्या दिवशी संपतात. म्हणजे आम्ही तिसऱ्या दिवशी टेकू काढतो आणि माणूस कोसळला की 'मार्केटच कच्चं आहे' म्हणतो.

पण दोन आठवड्यांत चमत्कार झाला. डॅशबोर्डवर भाई पहिल्या नंबरावर! रोज न चुकता दुपारी दीडला ॲप उघडलेलं, रोज चाळीस-पन्नास नोंदी. मुख्य कचेरीने व्हिडिओ कॉलवर टाळ्या वाजवल्या आणि मला यशोगाथेचं चित्रीकरण करायला पिटाळलं.

दुपारी दीडला भाईंच्या घरी पोचलो. भाई आरामखुर्चीत घोरत होते. पोटावरचा फोन त्यांच्या तीन वर्षांच्या नातवाच्या हातात होता. नातू सिमेंटच्या खान्यात सात-सात-सात दाबायचा, 'पुढे' करायचा, कागदांचा पाऊस पडला की आ वासायचा, आणि त्या वासलेल्या तोंडात वहिनी हूमणभाताचा घास सारायच्या. आमच्या नोंदीप्रमाणे भाईंनी त्या पंधरवड्यात डिचोलीत सात कोटी गोण्या सिमेंट उतरवलं होतं. यशोगाथा तिथेच संपली.

वहिनींनी मलाही वाढलं. जेवता जेवता कपाटावरची लांबोडकी वही दिसली, आणि माझी खरी शिकवणी सुरू झाली. पानभर नावं. पूर्ण दिवसाला उभी रेघ, अर्ध्याला अर्धी, आणि समोर लाल शाईत 'उचल'. धंद्यातली सगळी भांडणं या लाल शाईत असतात. बुधवारी पाचशे घेतले की नाही, यावर शनिवारी संध्याकाळी तासभर वाद, आणि मुकादम ऐनवेळी शपथ घ्यायला तयार. भाई बांधतात, पण घर चालतं ते या वहीवर.

"ह्यात उचल कुठे लिहायची?" वहिनींनी फोन पुढे केला.

मी शोधायला लागलो. मेनू, मग वेतन, मग समायोजन, मग 'इतर वजावटी'. पाचव्या टिचकीला सापडली. तोवर वहिनींनी वहीत तिघांची उचल लिहून सोलकढीही वाटली होती.

"मग हे कोणासाठी केलंय?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या. म्हणून जास्त लागलं.

पुढचा महिना मी माझ्याच अकरा पायऱ्यांतल्या नऊ पाडल्या. बांधण्यापेक्षा पाडायला परवानग्या जास्त लागतात, हे मला माहीत नव्हतं. टॉवर गेला, जीएसटी गेला, चिरा आला, मराठी आली. आता ॲप उघडलं की एकच प्रश्न: आज कोण कोण आलं? खाली वहीसारख्याच उभ्या रेघा, शेजारी लाल रंगात उचल. शनिवारी ज्याचा त्याचा हिशेब ज्याच्या त्याच्या व्हॉट्सॲपवर. माल, मोजमाप, बिलं मागे ठेवली; ज्याला लागतील तो विचारेल. चौथ्या शनिवारी वाद दहा मिनिटांत मिटला. दुसऱ्याच आठवड्यात भाईंनी स्वतः फोन करून विचारलं, "चिऱ्यांचा हिशेब पण ह्यात बसतो काय?" मी फोन ठेवून चक्क दोन उड्या मारल्या.

सगळंच सुधारलं असं नाही. भर पावसात बाहेरची कामं मंदावली तेव्हा मुख्य कचेरीने निम्मा गोवा 'गळालेले ग्राहक' म्हणून लाल केला. जुलैत इथे छपरं गळतात, ग्राहक नाही, हे पटवायला तीन बैठका गेल्या. ऐन गणेशचवथीला ॲपने सगळ्यांना निरोप धाडला, 'आम्हाला तुमची आठवण येते!' तासाभरात वहिनींचा फोन. "गणपतीवरची फळांची माटोळी बांधतोय आम्ही. तुमचं काय जळतंय?"

आणि साफसफाईच्या भरात मी तो कागदांचा पाऊसही काढून टाकला होता. दुसऱ्या दिवशी भाईंची लेखी तक्रार आली, आजवरची एकुलती एक: "रंगीत कागद बंद झाले. पोर जेवत नाही."

पाऊस परत आणला, पण शनिवारी, सगळ्यांची मजुरी चुकती झाली की मगच. शेवटचं बटण नातूच दाबतो म्हणे, वहिनी घास घेऊन तयार असतात. त्यामुळे डिचोलीत मजुरीचा एकही शनिवार चुकत नाही. बाकीचे सहा दिवस पोर काय खातं, ते आमच्या डॅशबोर्डवर दिसत नाही.