‘केस करूच नका’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, की धाकट्या भावाच्या रस्ते अपघातातल्या मृत्यूच्या भरपाईच्या दाव्यात घरच्यांना फारच कमी रक्कम मिळाली. त्याच वयाच्या दुसऱ्या एकाच्या घरच्यांना सव्वा कोटीच्या वर मिळाल्याचं तुम्ही पेपरात वाचलंत. जे मिळालं त्यातलं निम्मं बँकेत अडकवलं आणि वकिलांचं कमिशन मात्र सुटलं, असंही तुमचं म्हणणं आहे. शेवटचं वाक्य : ‘कुणी केस करूच नका, इथे माणसाची किंमत तक्त्यावर काढतात.’

तुमच्या फाइलमधलं काहीही मी इथे लिहिणार नाही. अशील रागावला तरी त्याची माहिती गुप्त ठेवणं वकिलाला बंधनकारक असतं. त्यामुळे खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या घरचे नाहीत. आणि वकिलाला जाहिरात करता येत नाही, तेव्हा आम्ही किती दावे जिंकले वगैरे इथे सापडणार नाही.

तक्ता आहे, हे खरं. कोणत्या वयाला किती वर्षांची कमाई धरायची, ते त्यात असतं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात तो पक्का केला. त्याआधी सारख्याच परिस्थितीतल्या दोन विधवांना दोन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांत अगदी वेगवेगळ्या रकमा मिळत. गेलेल्या माणसाचं मोल त्या तक्त्यात कुठेच नाही. तो जगता तर घरात किती पैसे आणत राहिला असता, एवढंच त्यात मोजलं जातं. तुम्हाला हे कोरडं वाटलं, आणि ते कोरडं आहेच. पण कमी रक्कम देऊ पाहणाऱ्या विमा कंपनीसमोर उभ्या असलेल्या बाईच्या हातात तोच एक ठोस आधार असतो.

हिशोब असा चालतो. समजा चौतीस वर्षांचा माणूस, स्वतःचा धंदा, महिन्याला वीस हजारांची कमाई सिद्ध झाली. मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे २,४०,००० झाले. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे. हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३१ ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी निकालात ठरवलं. झाले ३,३६,०००. अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश धरून वजा. उरले २,५२,०००. या वयाचा गुणक, म्हणजे तक्त्यातला गुणायचा आकडा, १६. म्हणजे ४०,३२,०००.

आता तोच माणूस, तेच वय, तेच घर, पण कायम नोकरी आणि पगार साठ हजार. कायम नोकरीत चाळिशीच्या आत वाढ ५० टक्के धरतात. त्याच रीतीने रक्कम होते १,२९,६०,०००. पेपरातल्या बातमीत वय आणि निकालाचा आकडा असतो, पगाराची स्लिप छापत नाहीत. आणि त्या धंदेवाल्याची खरी कमाई वीस हजार असूनही कागदावर बाराच हजार सिद्ध झाले, तर हातात येतात २४,१९,२००. सोळा लाखांहून जास्त फरक, आणि तो सगळा पुराव्याचा.

दुःखाची म्हणून जी रक्कम असते ती खरोखर तुटपुंजी आहे, यात मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. प्रणय सेठी निकालात सहवास हिरावल्याबद्दल ४०,०००, अंत्यविधीसाठी १५,००० आणि वारसांच्या वाट्याला आली असती त्या मिळकतीच्या नुकसानीसाठी १५,००० ठरले, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ. पुढे २०१८ मध्ये सहवासाची रक्कम पत्नीबरोबर मुलांना आणि आईवडिलांनाही मिळू लागली. भावाला मात्र या शीर्षकाखाली सहसा काही मिळत नाही. ज्याने भावाला खांदा दिला त्याला हे किती लागत असेल, ते तुमच्या शब्दांत दिसतं.

बँकेतल्या पैशांबद्दल. ती मुदतठेव न्यायाधिकरणाच्या आदेशाने होते, वकील किंवा बँक ठरवत नाही. अज्ञान मुलांचा वाटा ते सज्ञान होईपर्यंत ठेवीत राहतो आणि त्यांच्या आईच्या वाट्यातलाही काही भाग बऱ्याचदा ठेवतात. सर्वोच्च न्यायालयाची १९९४ पासूनची ही शिस्त आहे, कारण एकरकमी आलेला पैसा नातेवाईक आणि सावकार वर्षभरात संपवतात, असे अनुभव होते. आजारपण, शिक्षण, घर यांसाठी मुदतीआधी रक्कम काढायचा अर्ज करता येतो. वहिनींना, म्हणजे तुमच्या भावाच्या पत्नीला, तसा अर्ज करायचा असेल तर त्यांनी स्वतः यावं, कारण वाटा त्यांचा आणि मुलांचा आहे.

कमिशनचा आरोप मला मान्य नाही. निकालाच्या रकमेत हिस्सा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. आमची फी आधी ठरते आणि पावती दिली जाते. कुणी तुमच्याकडून टक्केवारीने पैसे घेतले असतील तर नाव मला सांगा, इथे लिहू नका.

आता त्या शेवटच्या वाक्याविषयी. हे उत्तर लिहायला मी बसले ती त्याच्यासाठीच. तुमचा अभिप्राय कोण वाचतं? ज्यांच्या घरात नुकतंच कुणीतरी गेलंय ती माणसं. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. त्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. ‘करूच नका’ वाचून एखादी बाई सहा महिने थांबली, तर तिची मुलं हक्काच्या पैशाला मुकू शकतात.

कागद नाहीत म्हणून काही मिळणार नाही, हेही खरं नाही. पगाराचा दाखला नसला तर किमान वेतनाचा आधार घेता येतो आणि तोंडी साक्षही चालते. घरकाम करणाऱ्या बाईच्या श्रमाचं उत्पन्न धरावंच लागतं, हे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं. गेलेल्या माणसाच्या आयुर्विम्याची रक्कम भरपाईतून कापता येत नाही. हा तर १९९८ चा निकाल, आणि त्यात समोर आपलंच एसटी महामंडळ होतं. वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तरी मृत्यूबद्दल दोन लाखांची तरतूद आहे.

तुमचा तारा एकच राहू द्या, माझ्याबद्दल लिहिलेलंही राहू द्या. फक्त ‘कुणी केस करूच नका’ एवढं काढा, ही विनंती.

रक्कम कमी वाटत असेल तर उच्च न्यायालयात अपिलाची मुदत निकालापासून ९० दिवस आहे. त्यासाठी निकालाची प्रमाणित प्रत लागेल. अपील दुसऱ्या वकिलाकडून करायचं असेल तर वहिनींच्या सहीचं पत्र आणा, संपूर्ण फाइल त्याच दिवशी ताब्यात देऊ.