वारा पडलेला होता

मालवणचा माणूस म्हटला की त्याला होडी वल्हवता येते, अशी सगळ्या पुणेकरांची समजूत आहे. माझा समुद्राशी संबंध बांगड्यापुरता. होडीशी म्हणाल, तर पाहुणे आले की त्यांना सिंधुदुर्ग किल्ला दाखवायला नेणं, तेही इंजिनाच्या होडीतून, मधोमध बसून, दोन्ही हातांनी फळी धरून. बाकी नोकरी बँकेत झाली. हे सगळं मी साडूभाऊंना टोरांटोहून अल्गाँक्विन पार्कला जाताना गाडीत सांगून पाहिलं होतं. पण साडूभाऊ मूळचे सदाशिव पेठेतले. वीसेक वर्षं कॅनडात राहूनही समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय त्यांना लागलेली नाही.

पार्क म्हणजे बाग नव्हे. आमचा अख्खा सिंधुदुर्ग जिल्हा आत ठेवला तरी कडेने जागा उरेल एवढं ते जंगल आहे, १८९३ पासून राखलेलं. आत तळीच तळी. त्यांपैकी एकाचं नावच कनू लेक; कनू म्हणजे तिकडची वल्ह्यांची अरुंद होडी. तिथे काठावरच्या बाकावर दोघी बहिणींनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. वारा पडला होता. पाणी आरशासारखं. (दुसरी उपमा सुचते आहे, पण पाणी खरंच तसंच होतं.) साडूभाऊंनी त्या पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला, सहज एक चक्कर मारून येऊ."

त्या देशात सहज काही करायचं तर आधी फॉर्म भरावा लागतो. होडी भाड्याने देणाऱ्या मुलाने पुढे केलेल्या कागदाचा मथितार्थ असा होता, की बुडालात तर तुमचं तुम्ही पाहा. सही केल्यावर त्याने जाकिटं दिली. शिवाय एक शिट्टी, पंधरा मीटर तरंगती दोरी आणि पाणी उपसायचं भांडं. हे सगळं होडीत असणं कायद्यानेच बंधनकारक आहे म्हणे. आपल्याकडे होडीत पाणी शिरलं की मग तांब्याची शोधाशोध होते. इथे ते शिरणार हे सरकारने आधीच गृहीत धरलेलं. मला अंगावर काटा आला.

"काही होत नाही हो," साडूभाऊ म्हणाले, आणि मला धीर यावा म्हणून माहिती सांगू लागले. टॉम थॉमसन नावाचा कॅनडाचा थोर चित्रकार १९१७ च्या जुलैमध्ये याच तळ्यात गेला. आधी त्याची कनू उलटी तरंगताना सापडली, आठ दिवसांनी तो. "आणि वल्हवण्यात पट्टीचा होता बरं का!"

"अहो, चष्म्याला दोरी बांधा," काठावरून बायको म्हणाली. मला सोडू नका, असं काही म्हणाली नाही.

आमच्याकडे छोट्या होडीला एका बाजूला उलांडी असते, ती होडीला कलंडू देत नाही. कनूला तसलं काही नसतं. सोळाएक फूट लांब, आणि वजनाला इतकी हलकी की एक माणूस डोक्यावर घेऊन जंगलातून चालत जातो. आपण आत पाय टाकला की ती बाहेर जाते. तो मुलगा म्हणाला, गुडघे टेकून बसा, तोल राहील. साठीच्या माणसाने गुडघे टेकायचे ते देवापुढे, आणि उठताना कोणीतरी हात द्यायला हवा. मी फळीवरच बसलो. पुढे मी, मागे साडूभाऊ.

या होडीचा खरा दोष पाण्यात गेल्यावर कळतो. मागच्याला पुढचा पूर्ण दिसतो. पुढच्याला मागचा अजिबात दिसत नाही. वळून पाहावं तर होडी कलंडते. म्हणजे मी दमून जरा हात थांबवला की लगेच "थांबू नका, थांबू नका", आणि मागे काय चाललंय ते फक्त देवाला ठाऊक.

मी उजवीकडे वल्हवत होतो, ते डावीकडे. कागदावर हिशेब बरोबर होता. पण मागच्याचं वल्हं होडीला जास्त वळवतं, त्यामुळे ती सतत उजवीकडे जायची. मग साडूभाऊ बाजू बदलायचे. मला वाटायचं आता आपणही बदलावी. दोघे एकाच बाजूला आलो की होडी जागच्या जागी गिरकी घ्यायची आणि पुऱ्यांचा डबा पुन्हा समोर दिसायचा.

"तुम्ही जोर फार लावताय."

"मी जोर लावतच नाहीये."

"मग लावा ना!"

समुद्र असता तर म्हटलं असतं, लाटा होत्या. नदी असती तर ओढ होती म्हणालो असतो. शांत तळ्यावर दोष द्यायला काही म्हणजे काहीच नसतं. उरतो तो फक्त साडू. तेवढ्यात कुठूनसा लून ओरडला. इथल्या डॉलरच्या नाण्यावर असतो तो पाणपक्षी. त्याची एक हाक हुबेहूब वेड्यासारख्या हसण्याची आहे.

"एवढे मालवणचे तुम्ही," साडूभाऊ म्हणाले, आणि माझ्या तोंडून आईची भाषा बाहेर पडली. "अहो, माका होडी येता म्हणान तुमका सांगल्यान कोणी?"

मागे एकदम शांतता. आणि काय आश्चर्य, होडी सरळ चालायला लागली! चांगली पाच मिनिटं नाकासमोर. मला वाटलं, मालवणी रक्त जागं झालं. मी छाती काढून वल्हवत राहिलो. मग त्या निवांत पाण्यावर मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. कुडुम. कुडुम. होडी कलंडो नाहीतर बुडो म्हणत मी वळलो. साडूभाऊ एका हाताने वल्हं सुकाणूसारखं पाण्यात धरून दुसऱ्या हाताने चिक्की खात होते. मी लोणावळ्याहून त्यांच्यासाठी आणलेली.

"सरळ चाललीये ना?" ते म्हणाले.

मीही चिक्कीचा तुकडा मागून घेतला. परत येताना आमचं चांगलं जमलं, कारण दोघांना एकच चिंता होती : काठावर काय सांगायचं. शेवटच्या टप्प्यात आमचं एकमत झालं.

"आत वारा फार होता," उतरल्याबरोबर साडूभाऊ म्हणाले.

"शिवाय पाण्याला खालून ओढ," मी म्हणालो.

मेव्हणीने डब्याशेजारचा कागदी रुमाल उचलून तोंड पुसलं. "हा मी मघाशी इथे ठेवला होता, वर काही वजन न ठेवता," ती म्हणाली. "आणि तुम्ही दोघं इथून दिसत होतात. चिक्की कोणी संपवली?"